भटारखान्याचं मागचं दार

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



काल इथं कायद्यावर बोलणारे येऊन गेले, कवितेवर बोलणारे येऊन गेले. आज हा सैपाकावर बोलणारा कशाला बोलावलाय, हे काहींच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं दिसतंय. असू द्या. मी आचारी आहे. हॉटेलच्या भाषेत शेफ. तीन वर्षं शाळेत बसून सैपाक शिकलो आणि आता त्याच्यावरच पोट भरतो. तुमच्यात बारावी झालेले आहेत, गटांगळी खाल्लेले आहेत, कॉलेज सोडून बसलेले आहेत. या धंद्यात शिरावं का, शिरायचं तर काय शिकावं लागतं, आणि आत गेल्यावर आपलं काय होतं, एवढंच सांगायला आलोय.

मी या शाळेत जाणार म्हणालो तेव्हा चाळीत दोन प्रश्न निघाले. एक मोठ्यानं विचारला गेला: सैपाक काय शिकायचा, ते बायकांचं काम. दुसरा हळूच, दाराआड: आपल्या हातचं खाणार कोण?

पहिल्याचं उत्तर पटकन देऊन टाकतो. फुकटची चूल बाईची आणि पगाराची चूल पुरुषाची, असा हा कावा आहे. आई तीस वर्षं दोन वेळा रांधते, तिला कुणी शेफ म्हणत नाही. पोरगा तेच काम टोपी घालून करतो तेव्हा त्याला पगार, पीएफ आणि मान. मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत आजही बाया कमीच दिसतात. म्हणून पोरींनो, हे भाषण आधी तुमच्यासाठी आहे.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्यावा लागेल.

आपलं संविधान उघडा. कलम १५, त्याचा दुसरा भाग. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, इथं जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता अपराध कायदा आला, आणि हॉटेलात येऊ न देणं हा गुन्हा झाला. म्हणजे बाबासाहेबांनी आपल्याला हॉटेलच्या पुढच्या दारातून आत नेलं. टेबलावर बसवलं. आपण बिल भरणारं गिऱ्हाईक झालो. पण हॉटेलला आणखी एक दार असतं. मागचं. तिथून भाजी येते, मटण येतं, गॅसची सिलिंडरं येतात आणि आचारी येतात. त्या दारावर पाटी नसते, पण कोण कुठवर जाणार हे ठरलेलं असतं. मोरीपर्यंत आपण. चुलीपर्यंत दुसरे.

'आचारी' हा शब्दच बघा. त्याच्या पोटात आचार आहे, सोवळं-ओवळं आहे. लग्नातल्या पंगतीला आचारी कोण, पाणी वाढणार कोण, आणि उष्टी काढणार कोण, हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. २०१७ साली पुण्यात एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सैपाकीणबाईवर पोलिसात तक्रार दिली. चोरी केली म्हणून नाही. जात लपवून सोवळ्यातला सैपाक केला म्हणून, फसवणूक झाली म्हणून. हवामानाचं शास्त्र शिकलेल्या बाई! २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेत दलित बाई दुपारचं जेवण शिजवायला लागली, तर सवर्णांच्या पोरांनी ताटावर बसायचं सोडलं. आधी त्या बाईचीच नोकरी गेली. बोभाटा झाल्यावर तिला परत घ्यावं लागलं.

म्हणजे आपल्या हातचं पाणी, आपल्या हातचं अन्न, ही लढाई अजून संपलेली नाही. आणि म्हणूनच मी म्हणतो, सैपाकाच्या शाळेत जाणं हे नुसतं पोटाचं काम नाही. ती शाळा काय करते? सैपाक जन्मातून काढून मापात आणते. हे कसं, ते आता सांगतो.

देशातली हॉटेलविद्येची पहिली संस्था आपल्याच मुंबईत निघाली, १९५४ साली, लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं. ती आज दादरला आहे. पुढं देशभर अशा संस्था झाल्या आणि १९८२ साली त्यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. या शाळेत पहिल्या दिवशी तुमच्या हातात पुस्तक नाही, सुरी देतात. आपल्याकडं विळीवर बसून चिरतात. इथं उभं राहून, बोटांची टोकं आत वळवून, सुरीचं पातं बोटांच्या पेरांना घासून चालवायचं. गाजराच्या आगकाडीसारख्या सळ्या पाडायच्या, त्याला ज्युलियन म्हणतात. त्याच सळ्यांचे बारीक चौकोन म्हणजे ब्रुन्वाज, बाजू ३ मिलिमीटर. मास्तर पट्टी लावून मोजतात. तीन म्हणजे तीन. एकसारखं का चिरायचं? एकसारखं शिजावं म्हणून. लहान तुकडा करपतो, मोठा कच्चा राहतो. एवढं साधं कारण. त्या पट्टीला तुमचं आडनाव कळत नाही.

मग तापमान. अन्नात जंतू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे. म्हणून थंड ठेवायचं ते ५ च्या खाली, गरम ठेवायचं ते ६० च्या वर. कोंबडी शिजली की नाही हे तिच्या मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून बघायचं, काटा ७५ दाखवायला हवा. कच्च्या मटणाचा लाल बोर्ड, माशाचा निळा, सॅलडचा हिरवा. लाल बोर्डावरची सुरी हिरव्यावर आली की मास्तर अख्खं सॅलड कचऱ्यात टाकायला लावतात.

दोस्तांनो, मी पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा मला हसू आलं आणि संतापही आला. विटाळ, विटाळ म्हणून ज्यांनी आपल्याला हजारो वर्षं लांब ठेवलं, त्यांना खरा विटाळ कशाचा असतो हे ठाऊकच नव्हतं. खरा विटाळ न धुतलेल्या हाताचा. संडासातून आलेल्या, साबण न लावलेल्या हाताचा. तो हात सोवळ्यातला असला तरी त्यावरचा जंतू पोटात गेला की हगवण लागतेच. आणि साबणानं वीस सेकंद चोळून धुतलेला माझ्या आईचा हात शुद्ध असतो. सैपाकाची शाळा हे शास्त्र म्हणून शिकवते, परीक्षेला विचारते, त्याला मार्क देते. आपल्या चळवळीनं हे जन्मभर ओरडून सांगितलं, ते तिथं पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे.

आता हाडांची गोष्ट.

फ्रेंच सैपाकाचा पाया म्हणजे स्टॉक. हाडं घ्यायची, भाजायची, दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलरी घालायची आणि सहा-आठ तास मंद आचेवर ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही. वर येणारा फेस काढत राहायचं. मग गाळायचं. या पाण्यावर त्यांचे सगळे मोठे सॉस उभे आहेत. हा सगळा पसारा नीट लावला ऑग्युस्त एस्कोफिए यानं. १८४६ सालचा जन्म, लोहाराचा पोरगा, तेराव्या वर्षी काकाच्या खानावळीत कामाला लागला. १९०३ साली त्याचा ग्रंथ निघाला, सुमारे पाच हजार पाककृतींचा. आज जगभरच्या शाळा त्याच्या वाटेनं शिकवतात.

मी वर्गात बसून हाडांचं पाणी शिकत होतो आणि मला आमची वस्ती आठवत होती. मांस विकत घेणारे दुसरे. आपल्या वाट्याला हाडं, मुंडी, खूर, वजडी, रगत. त्याच्यातून आपल्या आयांनी काय काय केलं! हाडं शिजवून त्याचं पाणी बाळंतिणीला दिलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या केल्या, पावसाळ्याला पुरवल्या. वाया काही जाऊ दिलं नाही. ही पाकविद्या नव्हती तर काय होतं?

महाराष्ट्राचा सैपाक शिकवायचा तास आला. फळ्यावर कोथिंबीर वडी, भरली वांगी, मसालेभात, आमटी, श्रीखंड. मांसाहारात कोल्हापुरी मटण, मालवणी मासे. मी हात वर केला, सर, वजडी? वर्ग हसला. सर म्हणाले, ते हॉटेलात चालत नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच सरांनी त्याच फळ्यावर फ्रान्समधल्या काँ गावची पद्धत लिहिली: जनावराचं पोट स्वच्छ करून, कांदा-गाजर घालून, तासन्तास शिजवायचं. पोट म्हणजे वजडीच की हो! रगताच्या सॉसेजलाही फ्रेंच नाव आहे, बुदँ न्वार. ते मानानं शिकवलं गेलं, वहीत उतरवून घेतलं गेलं. फ्रेंच नाव लागलं की बकऱ्याच्या आतड्याचा विटाळ जातो. च्यायला, नावातच सगळं आहे!

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. शाळेत शिरल्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवायचे म्हणून सांगतोय. एक डोळा शिकायला, एक डोळा काय शिकवलं जात नाही ते बघायला.

आता आपल्यासारख्याच एका माणसाची हकिगत ऐका. नाव जेम्स हेमिंग्ज. काळा माणूस, गुलाम. त्याचा मालक टॉमस जेफरसन. तोच, ज्यानं १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान असल्याचं लिहिलं आणि घरी शेकडो गुलाम बाळगले. जेफरसन १७८४ साली सरकारी कामावर पॅरिसला गेला तेव्हा एकोणीस वर्षांच्या जेम्सला बरोबर घेऊन गेला. कशाला? फ्रेंच सैपाक शिकायला. मालकाला घरी फ्रेंच जेवण हवं होतं. जेम्स शिकला. फ्रेंच भाषा यावी म्हणून त्यानं स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून शिकवणी लावली. मालकाच्या पॅरिसच्या घरात तो मुख्य शेफ झाला. शेफ या शब्दाचा अर्थच प्रमुख. म्हणजे गुलाम प्रमुख झाला, पण गुलामच राहिला.

१७८९ साली मालकाबरोबर अमेरिकेत परत आला. १७९३ साली जेफरसननं कागद लिहून दिला: तू जे शिकलास ते माझ्या दुसऱ्या माणसाला शिकव, मग तुला मुक्त करतो. जेम्सनं आपल्या सख्ख्या भावाला, पीटरला शिकवलं. स्वतः सुटण्यासाठी भावाला त्याच चुलीशी उभं केलं. १७९६ साली जेम्स मुक्त झाला. जाण्याआधी त्यानं स्वतःच्या हातानं भटारखान्यातल्या भांड्यांची यादी लिहून ठेवली. ती यादी आजही जपलेली आहे. पाच वर्षांनी, १८०१ साली, त्यानं जीव दिला. वय छत्तीस.

या हकिगतीतून मी काय घेतो ते सांगतो. शिक्षण त्याला मालकानं मालकाच्या जिभेसाठी दिलं, पण एकदा हातात आल्यावर त्यानं त्याच्या बळावर सौदा केला. कसब हे असं हत्यार आहे, ते काढून घेता येत नाही. पण तो एकटा होता. त्याच्या मागं संघटना नव्हती, शिडी नव्हती.

शिडीचं म्हणाल तर हॉटेलच्या भटारखान्यालाही उतरंड आहे. एस्कोफिए फौजेत राहून आलेला, त्यानं भटारखाना फौजेसारखा लावला. वर एक्झिक्युटिव्ह शेफ, खाली सू शेफ, मग एकेका विभागाचा शेफ द पार्ती, त्याखाली कॉमी एक, दोन, तीन, आणि सगळ्यांत खाली भांडी घासणारा. उतरंड म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, यायलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. भटारखान्याच्या उतरंडीला निदान कागदावर तरी शिडी आहे. कॉमी तीनचा सू शेफ होतो, मी झालेले बघितलेत. प्रश्न एवढाच, पहिल्या पायरीवर कुणाला पाय ठेवू देतात.

मी ट्रेनिंगला एका मोठ्या हॉटेलात होतो. नाव घेत नाही. पहिल्या दिवशी तिथल्या साहेबानं आडनाव विचारलं. मग गावाचं नाव. मग, तिथं कुठं राहता? आपल्याला हे तिन्ही प्रश्न पाठ आहेत. बाकीची पोरं दर पंधरा दिवसांनी विभाग बदलत होती: बेकरी, तंदूर, कॉन्टिनेंटल. मी पाच आठवडे कांदे सोलतोय आणि टोप घासतोय. टोप घासायची मला लाज नाही, माझ्या आईनं दुसऱ्यांची भांडी घासूनच मला शिकवलं. पण मी तिथं शिकायला आलो होतो. प्रत्येक ट्रेनीला लॉगबुक असतं. कुठल्या दिवशी कुठल्या विभागात काय शिकला, ते लिहायचं आणि सही घ्यायची. मी रोज खरं लिहीत गेलो: आज कांदे, ४० किलो. आज टोप. आज टोप. पाच आठवड्यांनी ते लॉगबुक मोठ्या शेफच्या टेबलावर ठेवलं आणि संस्थेलाही दाखवलं. एक शब्द चढ्या आवाजात बोललो नाही. दुसऱ्या सोमवारी मी तंदूरवर होतो. म्हणून सांगतो, लिहून ठेवा. तारीख, वेळ, काम, सही. चळवळीनं आपल्याला लिहायला शिकवलं ते फक्त कवितेसाठी नाही.

आता रोकडं बोलू. शिरायचं कसं?

बारावी पास, आणि बारावीला इंग्रजी विषय असेल, तर राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा देता येते. केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. दहावीवरच थांबलेल्यांसाठी आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो कमी समजू नका, सुरी तिथंही तीच असते. खाजगी संस्थांच्या चकचकीत पत्रकांना भुलू नका. परदेशात नोकरीची हमी म्हणून लाखांनी पैसे मागतात. आधी त्यांच्या भटारखान्यात जाऊन बघा: किती पोरांमागं एक शेगडी आहे? मागच्या वर्षीची पोरं आज कुठं कामाला आहेत? उत्तर गुळमुळीत आलं की उठून चालू लागा.

धंदा सोपा नाही. दहा-बारा तास उभं राहायचं. भट्टीपुढं घाम, हातावर चटक्यांचे डाग. दिवाळीला, ३१ डिसेंबरला, बुद्धजयंतीलाही ड्युटी. सुरुवातीचा पगार बेताचा. जे टिकतात ते चढतात. ज्याला ऑफिसातल्या पंख्याखालची खुर्ची पाहिजे त्यानं येऊ नये.

आणि आलात की एक काम अंगावर घ्या. शाळेत पाककृती लिहायची एक पद्धत शिकवतात. किती माणसांसाठी, कुठला जिन्नस किती ग्रॅम, किती अंशावर, किती मिनिटं, माणशी किती वाढायचं. आपल्या आयांचा सैपाक अंदाजावर आहे. चिमूटभर, मूठभर, डोळ्यांनी. तो त्यांच्याबरोबर जाईल. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होतं, ते त्यांनी मान खाली न घालता मांडलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही कायद्यानं बंदी आली. एकीकडं ताटातलं काढून घेतलं जात होतं, दुसरीकडं एक माणूस ते कागदावर उतरवत होता. त्यांनी वाट पाडलीय. तिच्यावर वजनकाटा घेऊन जायचं काम शाळेत शिकलेल्या पोरांचं. वजडीला ग्रॅम द्या, चान्यांना तापमान द्या. मग कुठल्या सरांनी म्हणावं, हॉटेलात चालत नाही म्हणून.

आणखी एक. ज्यांच्यावरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरनी १९६९ च्या जानेवारीत ओकलंडमधल्या एका चर्चमध्ये शाळेच्या पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. काळे कोट घालणारी ती पोरं पहाटे उठून अंडी शिजवत होती. सरकारला त्यांच्या बंदुकीइतकीच त्या न्याहारीची भीती वाटली. चळवळीला वकील लागतात, कवी लागतात, तसा शंभर माणसांचं जेवण वेळेवर, स्वच्छ आणि मापात शिजवणारा माणूसही लागतो.

तेव्हा सुरुवात इथूनच. उद्या सकाळी आपण चाळीस जण आहोत. माणशी ७० ग्रॅम कोरडे पोहे, म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम. कांदे चिरायला सहा पोरं सहा वाजता चुलीशी पाहिजेत, हात साबणानं धुऊन. पोरी बसून खातील. आणि आज रात्री प्रत्येकानं घरी फोन लावून आईचं एक कालवण मापासकट लिहून घ्यायचं. ती म्हणेल, माप कसलं, टाकायचं अंदाजानं. तिला विचारा, तुझी मूठ किती मोठी आहे?

जयभीम.